करडे सांधे

तिच्या बाबांना सगळं गाव ओळंबा म्हणायचं. भिंत सरळ उठतेय की पोट काढतेय हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. बाबा उभे तसेच राहायचे आणि बोलायचेही तसेच. एका घरमालकानं एकदा मोठ्या हौसेनं विचारलं, "कसा वाटला आमचा नवा जिना?" तर बाबा म्हणाले, "चांगलाय. तिसऱ्या पायरीवरून कोण पहिला पडतो ते बघायचं." मालकानं तिसरी पायरी बदलून घेतली, पण दुसऱ्या गवंड्याकडून.

लेकीचं नाव पडलं होतं टकळी, आणि ते तिनं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. मागच्या वर्षापर्यंत मात्र ही टकळी फक्त घरात फिरायची. वर्गात उभं केलं की तिची दातखीळ बसायची. मग एक दिवस, का कुणास ठाऊक, तिनं हात वर केला, उत्तर बरोबर आलं आणि छप्पर काही कोसळलं नाही. तेव्हापासून तो हात खाली यायचं नाव घेईना. वर्गशिक्षिका म्हणायच्या, "अगं, बाकीच्यांनाही थोडं शिकू दे."

तर ही गोष्ट त्या दोघांची आणि पेठेची.

पेठ म्हणजे गावाच्या मधोमध समोरासमोर उभ्या असलेल्या दुकानांच्या दोन रांगा. सगळ्या विटांच्या. दुकानांपुढे कमानींची सलग पडवी, एकूण छत्तीस खांब, आणि रस्त्याच्या तोंडाशी दोन्ही रांगांना जोडणारी घड्याळाची मोठी कमान. बसस्थानक गावाबाहेर गेलं आणि गिऱ्हाईकही बसमध्ये बसूनच गेलं. उरलं कोण, तर एक शिंपी, एक किल्ल्या करणारा, एक चहावाला आणि वाटेल तितकी कबुतरं. बाबांनी ऐन पंचविशीत या पेठेची डागडुजी केली होती. दोन वर्षं खपून विटांमधले सगळे जुने सांधे खरवडून काढले होते आणि सिमेंटनं नव्यानं भरले होते. पेठेतून जाताना त्यांचा हात आपोआप खांबावरून फिरायचा, ओळखीच्या बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा. हाताला तांबडी पूड लागायची. "वीट कच्ची निघाली, त्याला मी काय करू," ते म्हणायचे. "पण सांधा बघ. शंभर वर्षं हलणार नाही." लहानपणी ती त्यांच्या आधीच हे वाक्य म्हणून टाकायची.

नगरपालिकेनं पेठ पाडायची नाही, पुन्हा वसवायची असं ठरवलं, तेव्हा काखेत कागदांच्या सुरळ्या घेऊन एक वास्तुविशारद बाई गावात आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव नकाशावाली पडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. या गावाकडे चार माणसांना दाखवण्यासारखं जे काही आहे ते या विटांत आहे. विटांवर ठोकलेले पत्रे आणि पाट्या उतरवायच्या, भिंती नीट करायच्या, बंद गाळ्यांत वाचनालय, पाळणाघर, छोटी दुकानं आणायची, पडवीत बाक ठेवायचे आणि गाड्या बाहेर. माणसं सावलीतून चालायला लागली की बाकीचं मागोमाग येतं.

"विटा बघायला कोण येणार?" चहावाला म्हणाला. "मी तीस वर्षं बघतोय, मला कुणी चहा पाजला नाही."

पण नगरपालिकेच्या अभियंत्यानं बाबांना बोलावून सांगितलं, मुख्य मिस्त्री तुम्हीच, सभेत तसं जाहीर करू. बाबा गेली बारा वर्षं नव्या वसाहतीतल्या न्हाणीघरांत फरशा बसवत होते. कमान म्हणून काही गावात कुणी बांधतच नव्हतं. त्या दिवशी ते घरी आले ते चपला न काढता थेट माळ्यावर चढले आणि कमानीची जुनी हत्यारं खाली काढून पुसत बसले.

"लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा हे माझ्यासाठी एवढे गडबडले नव्हते," आई म्हणाली.

"तू काय छत्तीस खांबांची होतीस?" बाबा म्हणाले.

बाबांनी विनोद केलाय हे पचायला मायलेकींना जरा वेळ लागला. मग दोघी इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली.

नकाशावाली मॅडमना दुरुस्तीच्या आधी प्रत्येक खांबाचं चित्र हवं होतं, वीट न् वीट मोजून. त्यांनी शाळेत विचारलं. हात कुणाचा वर गेला ते सांगायला नको. तीन आठवडे ती शाळा सुटली की पेठेत. आलेखाच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक वीट. धड वीट कोरी सोडायची आणि पापुद्रे सुटलेली, खचलेली वीट तांबड्या पेन्सिलीनं भरायची. पहिली पेन्सिल चौथ्या खांबालाच संपली. कुठंही बघावं तर सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि मधली वीट आत आत गेलेली, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी. घड्याळाची कमान तेवढी उंचावर म्हणून तिनं सोडून दिली.

बाविसाव्या आणि तेविसाव्या खांबाला मात्र पेन्सिल टेकवायची वेळच आली नाही. दोन्ही खांब शिंप्याच्या दुकानापुढचे. विटा कशा, काल भट्टीतून आल्यासारख्या.

"काका, या दोघांना खायला काय घालता?" तिनं विचारलं.

शिंपीकाकांनी ओठांतली टाचणी काढली. "भांडण," ते म्हणाले. "तुझ्या बाबांचं काम चाललं होतं तेव्हा धुरळा उडायचा. आमच्या वडिलांनी लग्नाचे कपडे शिवायला घेतलेले, पांढरेशुभ्र. ते कात्री घेऊन बाहेर आले नि म्हणाले, माझ्या दोन खांबांना हात लावलास तर बोटं कापून हातात देईन. ओळंबा पण तसलाच. म्हणाला, राहू द्या मग, पडतील तेव्हा कळेल. तेव्हापासून वाट बघतोय आम्ही, पडतायत कधी."

ती जवळ जाऊन बघायला लागली. या दोन खांबांचे सांधे पांढरे होते, जुन्या चुन्याचे. नखानं उकरलं तर थोडे निघत होते. बाकीच्या खांबांचे करडे. ती धावत पहिल्या खांबापासून पुन्हा सगळे बघून आली. करडा सांधा असेल तिथं तांबडं. पांढरा सांधा असेल तिथं कोरं. छत्तीसच्या छत्तीस. हे मोठमोठ्या अभियंत्यांना दिसलं नव्हतं, मॅडमनीही अजून सांगितलं नव्हतं, ते तिला दिसलं होतं, एकटीला.

करड्या सांध्यांवर कुणाचा हात फिरला होता हे तिला माहीत नव्हतं असं नाही. नुकतंच काकांनी सांगितलं होतं. पण आपण काहीतरी शोधून काढलं या आनंदानं डोकं इतकं भरलं होतं की दुसरं काही आत शिरायला फटच उरली नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला बाबा तिच्याजवळ येऊन बसले. "झाला का नकाशा? बघू."

तिनं वही छातीशी धरली. "आज नाही. उद्या सगळ्यांबरोबर बघा. गंमत आहे."

"मुख्य मिस्त्र्यालाही नाही?"

"मुख्य मिस्त्र्याला तर मुळीच नाही."

बाबा हसले आणि आपला इस्त्रीचा सदरा खुंटीला नीट टांगायला गेले.

सभा नगरपालिकेच्या सभागृहात होती. खुर्च्या भरून माणसं भिंतींना टेकून उभी होती. मॅडम सकाळच्या गाडीनं थेट तिथंच आल्या होत्या. टकळीनं सगळे कागद फळ्यावर टाचले, घसा साफ केला आणि बोलायला लागली. आवाज कापला नाही. खांब दाखवले, आकडे सांगितले, शिंपीकाकांच्या कात्रीची गोष्टसुद्धा रंगवून सांगितली, लोक हसले. मग म्हणाली, "म्हणजे बघा, विटा कच्च्या नव्हत्या. त्याच भट्टीच्या विटा पांढऱ्या सांध्यात धड राहिल्यात. करड्या सांध्यांनी विटा खाल्ल्यात."

टाळ्या पडल्या. मॅडम उठून फळ्याजवळ आल्या. "हिनं अगदी नेमकं पकडलंय," त्या म्हणाल्या. "भिंतीत ओल शिरतेच. चुन्याच्या सांध्यातून ती बाहेर पडते. सिमेंटमधून पडत नाही. मग ती विटेतून वाट काढते आणि जाताना दर वर्षी विटेचा एक पापुद्रा घेऊन जाते. हे सिमेंट भरलं नसतं तर पेठ आज ठणठणीत असती."

"कुणी भरलं हे?" मागून कुणीतरी विचारलं. नव्यानं गावात आलेला माणूस असावा.

शिंपीकाका आपल्या चपलांकडे बघायला लागले. आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं वळून बघितलं. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते, हात मांडीवर ठेवून.

ते उठले. "मी," म्हणाले. "आणि नकाशात एक राहिलंय. घड्याळाची कमान हिनं मोजली नाही. तिचेही सांधे मीच भरलेत. ती आधी बघा. तिच्याखालून पोरं शाळेत जातात."

एवढं बोलून ते खाली बसले. सभा पुढं चालली, आभार मानले गेले, चहा आला. मुख्य मिस्त्र्याचं नाव जाहीर करायचं राहूनच गेलं, आणि राहून गेलंय याची आठवण अभियंत्याला कुणी करून दिली नाही.

घरी येताच आईचा पट्टा सुरू झाला. "जिभेला काही हाड? अख्ख्या गावासमोर बापाला उभं केलंस."

"तिचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. सदरा काढला आणि घडी करून ठेवला.

ती ओरडा खायला तयार होती, रडायला तर घरात पाऊल टाकल्यापासूनच तयार होती. पण 'बरोबर आहे' याचं काय करायचं ते तिला कळेना.

चार दिवस बाबा कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी जेवता जेवता, कुणी काही विचारलं नसताना म्हणाले, "आबा सांगत होते." आबा म्हणजे त्यांचे वडील, जुन्या काळचे चुन्याचे गवंडी. ते वारले तेव्हा ती पाळण्यात होती. "म्हणायचे, सांधा विटेपेक्षा मऊ ठेव. झिजायचं ते सांध्यानं झिजावं. सांधा पुन्हा भरता येतो, वीट कुठून आणशील? मी हसलो होतो. म्हटलं, म्हातारं सिमेंटला घाबरतंय. नंतर त्यांनी माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना."

आईनं त्यांच्या ताटात भात वाढला. तो त्यांनी तसाच ठेवला.

मग मॅडम घरी आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या. "त्या काळात सगळीकडे हेच झालंय," त्या म्हणाल्या. "पुस्तकांतसुद्धा हेच लिहिलं होतं. तुम्ही एकट्यानं काही केलेलं नाही."

"पेठ एकट्यानंच केली मी," बाबा म्हणाले.

मॅडमनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना चुना कालवताना पाहिलेलं माणूस गावात आता तुमच्याशिवाय कोण आहे? मला तोच चुना हवाय. जमवाल? जमला तर काम तुम्हीच करायचं."

बाबांनी मान डोलावली.

नगरपालिकेच्या मागच्या अंगणात बाबांनी कमरेएवढ्या छोट्या भिंती उभ्या केल्या, नुसत्या अजमावून बघायला. चुना भिजत घातला, वाळू चाळली, विटांची बारीक पूड केली. ही रोज शाळा सुटल्यावर तिथं हजर, कशात काय किती घातलं ते वहीत उतरवून घ्यायला. आता ती मोजकं बोलायची. पहिल्या भिंतीचे सांधे आठवड्यात तडकले. दुसरीचे वाळल्यावर फुंकरीनं उडाले.

"आबा त्यात काहीतरी घालायचे," बाबा म्हणाले. "घरून मडक्यात आणायचे, रात्रभर मुरलेलं. मी कधी विचारलं नाही. वास आठवतो नुसता."

त्या संध्याकाळी आईनं स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. गूळ, मेथी, उडीद, ताक, कसल्या कसल्या बिया, भिजवून, कोमट करून, वाटून. बाबा डोळे मिटून एकेकावर वाकायचे आणि मान हलवायचे. एका वाटीवर ते बराच वेळ थांबले. आई आणि ती एकमेकींकडे बघत राहिल्या. "जवळपास आहे," ते म्हणाले. "पण हा नाही."

तिसरी भिंत त्यांनी त्या वाटीतलं घालून केली. तीन आठवडे ओल्या गोणपाटानं झाकून ठेवली, बाळ ठेवावं तशी. गोणपाट काढलं तेव्हा सगळं छान दिसत होतं. बाबांनी वरची वीट हातात धरली. ती उचलली गेली, खालची पण, आणि चुना कोरड्या पिठासारखा त्यांच्या पायांवर पडला.

ते स्वतःच मॅडमकडे गेले. "बाहेरून माणूस बोलवा," म्हणाले.

"आणखी एकदा करून बघू या ना बाबा," रस्त्यात ती म्हणाली. "मी लिहून ठेवलंय सगळं. अजून मोहरी राहिलीय, अजून..."

"ज्यांना विचारायचं ते आता नाहीत," बाबा म्हणाले, आणि चालण्याचा वेग वाढवला.

बाहेरून आलेला मिस्त्री बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होता. शिकलेला, मऊ बोलणारा. बाबांना तो काका म्हणायचा, आणि त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. त्यानं खांब वाचतील म्हणून सांगितलं. घड्याळाची कमान तपासायला तो शिडीवर चढला आणि खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. आतून काही उरलेलं नव्हतं. उतरवून नवी बांधावी लागणार होती.

"उतरवतो मी," बाबा म्हणाले. "यंत्र नको."

कमानीखाली लाकडाचा आधार ठोकून त्यांनी माथ्यापासून एकेक वीट काढायला सुरुवात केली. आठ दिवस लागले. ती खाली उभी राहून मोजत होती. छिन्नी सांध्यात शिरायचीच नाही. घाव घातला की वीट दुभंगायची आणि सांधा जसाच्या तसा राहायचा, धारदार, करडा, सुबक. काय सुंदर काम होतं ते. एक रेघ वाकडी नव्हती. सहाशे बारा विटांपैकी त्र्याहत्तर अख्ख्या निघाल्या. बाबांनी त्या धुतल्या, भिंतीशी रांगेत लावल्या आणि मिस्त्र्याला सांगितलं, "नव्या कमानीत घे जमल्या तर. या जुन्या आहेत, माझ्या आधीच्या."

पेठेत हळूहळू वर्दळ यायला लागली. पत्रे उतरले तशा वरच्या मजल्यांच्या विटांच्या नक्ष्या दिसायला लागल्या, ज्या गाव विसरूनच गेलं होतं. पाळणाघर उघडलं. चहावाल्यानं दुसरी शेगडी घेतली आणि विटांबद्दलचं आपलं मत बदलून टाकलं, वर पहिल्यापासून आपण हेच म्हणत होतो असं सांगायला लागला. आणि एका रविवारी नव्या कमानीखालचा लाकडी आधार काढायचं ठरलं. आधार निघाला की कमान स्वतःच्या अंगावर उभी राहते, ते बघायला सगळं गाव जमणार होतं. मॅडमनी निरोप धाडला, दोघांनीही या. टकळीचे नकाशे काचेत लावलेत.

त्या रविवारी बाबा सकाळीच फरशांच्या कामावर निघाले. तिनं चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग चालू लागली. त्यांनी एकदा वळून बघितलं, पण हाकलली नाही.

वसाहतीतलं न्हाणीघर, दोन माणसांना जेमतेम पुरेल एवढं. ती पालथ्या बादलीवर बसली. बाबा गुडघ्यांवर बसून भिंतीला मसाला लावायचे, ती फरशी पुसून पुढे करायची, ते बसवून थापीच्या मुठीनं हलकेच ठोकायचे.

"जा ना तिकडे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तुझे नकाशे लावलेत म्हणे."

"नाही जायचं."

दोन रांगा झाल्या. खिडकीतून कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, बाकी काही नाही. तिनं बऱ्याच दिवसांपासून तोंडात धरून ठेवलेलं शेवटी विचारलं.

"बाबा, मी तेव्हा गप्प बसले असते तर?"

"तर वीट कुणाच्या तरी डोक्यात पडली असती."

त्यांनी मसाला लावला, फरशी घेतली, बसवली, ठोकली. कडेनं बाहेर आलेला मसाला बोटानं पुसून घेतला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आदल्या दिवशी मी मागितला होता नकाशा. दाखवला असतास तर मीच उठून सांगितलं असतं. तुझ्या आधी."

बाबांनी पुढच्या फरशीसाठी हात मागे केला. तिनं ती फडक्यानं पुसली, कडा पुसल्या, पुन्हा एकदा पुसली, आणि त्यांच्या हातात दिली.